मोरस बेटाची सहल : बेत आणि विचार

(ट्रस्टच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सभासद व कुटुंबीयांच्या मेळाव्यात दिलेले भाषण)



महोत्सवाच्या वर्षात ट्रस्टच्या आठ-दहा कुटुंबांनी मिळून मॉरिशसला सहल काढावी, असा विषय दोन-तीन महिने निपाणीत आणि बेळगावात चालू आहे. भूगोल आणि इतिहास शिकविणारा माणूस म्हणून त्या बेताविषयी चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा आम्हांला झाली. आम्ही स्वतः अजून तेथे गेलेलो नाही, हे आरंभीच सांगतो. परंतु नकाशे, कागद आणि हिशेब घेऊन बसण्याची सवय आम्हां मास्तरांना असते. त्या सवयीतून जे हाती लागले, ते आपल्यापुढे ठेवतो.

मॉरिशस हे नाव आपल्या घरांना नवे नाही. जुन्या पिढीतल्या बायका पांढऱ्या दाणेदार साखरेला ‘मोरस साखर’ म्हणत. हे मोरस म्हणजे मॉरिशस. एकोणिसाव्या शतकात त्या बेटावरची साखर मुंबई बंदरात उतरे आणि तेथून गावोगावच्या वाण्याकडे जाई. आज आपल्या जिल्ह्यात उसाला तोटा नाही. निपाणीजवळ हालसिद्धनाथ कारखाना आहे, संकेश्वरला हिरण्यकेशी आहे, आणि हंगामात रस्त्याने चालणे अवघड व्हावे इतक्या उसाच्या गाड्या धावतात. तेव्हा ‘मोरस’ हा शब्द मागे पडला. पण ज्या बेटाची साखर आपल्या पूर्वजांनी खाल्ली, त्या बेटावर ऊस लावणारे आणि तोडणारे हात कोणाचे होते, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. सहलीचा बेत करताना तो विचारावा, एवढेच आमचे मुख्य सांगणे आहे.

प्रथम भूगोल. हिंदी महासागरात, विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे वीस अंशांवर हे ज्वालामुखीतून निर्माण झालेले बेट आहे. लांबी सुमारे 65 किलोमीटर, रुंदी सुमारे 45. क्षेत्रफळ 1,865 चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या बेळगाव जिल्ह्याचा जेमतेम सातवा हिस्सा. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या घरात. बेटाभोवती बहुतेक ठिकाणी प्रवाळांची कड आहे. मोठ्या लाटा त्या कडेवर फुटतात आणि आतले पाणी तळ्यासारखे शांत राहते. चित्रांत दिसणारे निळे-हिरवे पाणी ते हेच.

ऋतू तेथे आपल्या उलट चालतात. नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा आणि पाऊस, मे ते ऑक्टोबर थंड आणि कोरडा हंगाम. जानेवारी ते मार्च हे वादळांचे दिवस, म्हणून नाताळाच्या सुट्टीला जोडून पुढे जाण्याचा मोह टाळावा. आपल्या शाळांना मे महिन्यात सुट्टी असते, आणि त्याच वेळी तेथे हवा सुखद होऊ लागते. मुलाबाळांसह जाणाऱ्या कुटुंबांना मे महिना सर्वांत सोयीचा. ज्यांना शाळेचे बंधन नाही, त्यांनी गणेशचतुर्थीचा सुमार पाहावा. त्याचे कारण पुढे येईल.

आता इतिहास, आणि तो थोडा सविस्तर सांगणे भाग आहे. 1598 मध्ये डच तेथे उतरले आणि आपल्या राजपुत्राचे, मॉरिसचे, नाव बेटाला दिले. डोडो नावाचा न उडणारा पक्षी त्यांच्याच काळात नाहीसा झाला. 1710 मध्ये डच निघून गेले, 1715 मध्ये फ्रेंच आले आणि 1810 मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले. उसाची लागवड आफ्रिकेतून आणि मादागास्करातून पकडून आणलेल्या गुलामांच्या कष्टावर चाले. 1835 मध्ये तेथे गुलामगिरी रद्द झाली. त्याच सुमारास मळेवाल्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. 2 नोव्हेंबर 1834 रोजी ‘ॲटलस’ नावाचे जहाज कलकत्त्याहून 36 मजुरांना घेऊन पोर्ट लुईस बंदरात आले. पगार महिना पाच रुपये, करार पाच वर्षांचा. तेव्हापासून 1920 पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसे त्या बंदरात उतरली. काही पुढे इतर वसाहतींत गेली, काही परत आली, बहुतेक तेथेच राहिली.

ही माणसे मुख्यतः बिहारकडची आणि मद्रासकडची, परंतु मुंबई बंदरातूनही जहाजे गेली. त्या जहाजांतून रत्नागिरी, सावंतवाडी आणि आसपासच्या मुलखातली मराठी माणसे गेली. आंबोलीचा घाट उतरला की जो मुलूख लागतो, तोच हा. त्यांच्यात हिंदू होते तसे मुसलमानही होते. मळ्यावर एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांची मजुरी कापण्याची रीत होती. शेतातले काळे दगड हातांनी वेचून त्यांनी रचलेले ढीग अजून उसाच्या फडांत उभे आहेत. आपल्याकडे उसतोडीच्या टोळ्या खोपट्यांत राहतात, त्यांची मुले शाळेत येता येता मधूनच नाहीशी होतात, हे आम्ही मास्तर दरवर्षी पाहतो. त्यांच्याकडे पाहिले म्हणजे त्या जुन्या जहाजांची कल्पना करणे फार कठीण जात नाही.

बंदरावर प्रत्येकास एक क्रमांक मिळे. कारकून नाव, बापाचे नाव, गाव, जात, उंची, अंगावरची खूण लिहून घेई. पुढे पुढे छायाचित्रही काढीत. ज्या कारकुनास आपली भाषा येत नव्हती, त्याने जे ऐकले ते लिहिले, आणि पुष्कळ घराण्यांत पहिल्या पुरुषाचे नावच पुढच्या पिढ्यांचे आडनाव झाले. ह्या वह्या आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्या आहेत. पणजोबांचा क्रमांक घेऊन लोक तेथे येतात आणि आपले गाव शोधतात.

मराठी माणसांना तेथे अजून ‘बॉम्बे’वरून पडलेल्या नावाने ओळखतात. समाज लहान, परंतु टिकून आहे. हेन्रिएटा नावाच्या खेड्यात 1896 मध्ये एका मराठी कुटुंबाने गणपती बसविला, असे सांगतात. आज गणेशचतुर्थीची त्या देशात सरकारी सुट्टी असते. तशीच ईदुल फित्रची असते, दिवाळीची आणि महाशिवरात्रीची असते, नाताळची असते, आणि मजूर प्रथम उतरले त्या 2 नोव्हेंबरचीही असते. कोकणातली जाखडी तेथे ‘झाकरी’ होऊन नाचली जाते. मराठी मंडळींच्या संघटना आहेत, मराठी नाटकांच्या स्पर्धा होतात.

शिक्षक म्हणून आमचे मन गुंतले ते एका गोष्टीत. तेथील सरकारी प्राथमिक शाळेत पूर्वजांच्या भाषेचा तास असतो. तो वाजला की एकाच वर्गातली मुले वेगवेगळ्या खोल्यांत जातात. कोणी हिंदीच्या, कोणी उर्दूच्या, कोणी तमिळ, तेलुगू, मराठी, अरबी वा चिनी भाषेच्या. तास संपला की पुन्हा एका बाकावर. घरी बहुतेक सारे क्रिओल बोलतात, शाळेचे माध्यम इंग्रजी, वर्तमानपत्रे फ्रेंच. म्हणून तेथील प्रत्येक मराठी माणूस आपल्याशी घडाघडा मराठी बोलेल, अशी अपेक्षा घेऊन जाऊ नये. ज्याच्या घरात मराठी उरली नाही, त्याच्या मुलाने ती शाळेत बसून शिकावी, ह्यात घरच्या मराठीहून कमी प्रेम आहे असे आम्हांस वाटत नाही.

आम्ही दखनी बोलणाऱ्या घरात वाढलो, मराठी शाळेत शिकलो, मराठीच शिकवितो, आणि बाजारात कानडीवाचून आमचे चालत नाही. 1956 सालापासून आपल्या ह्या सीमेवर भाषेवरून जे घडत आले, ते आपणा सर्वांस ठाऊक आहे. त्या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. एवढेच म्हणतो की, मराठी आणि उर्दू शेजारशेजारच्या खोल्यांत शिकणारी मुले पाहायला आमच्या मुलांनी जावे, अशी इच्छा आम्हांला वाटली. समुद्रकिनारे मालवणलाही आहेत.

आता आक्षेप. पहिला आक्षेप एका वृद्ध सद्गृहस्थांनी घेतला. ते म्हणाले, “मास्तर, समुद्र ओलांडायचाच तर माणसाने हजला जावे. ही चैन कशासाठी?” आक्षेप खरा आहे. ज्याच्यावर हज फर्ज झाली आहे, त्याने त्या पुंजीला हात लावू नये. तसेच मुलीचे शिक्षण, म्हाताऱ्या आईचे मोतीबिंदूचे ऑपरेशन, सोसायटीचे कर्ज, ही देणी आधी. परंतु धरतीवर फिरावे आणि आधीच्या लोकांचे काय झाले ते पाहावे, हा उपदेशही आम्ही लहानपणी मदरशातच ऐकला. हिंदू बांधवांच्या घरी पूर्वी सिंधुबंदी होती. ती मोडून ज्यांना जावे लागले, ते चैनीखातर गेले नव्हते. त्यांच्या नातवंडांना भेटण्यास जाणे, ही निव्वळ चैन नव्हे.

दुसरा आक्षेप पैशाचा. येथे आम्ही तीन नियम सुचवितो. एक, ट्रस्टच्या शिष्यवृत्तीच्या किंवा औषधोपचाराच्या निधीतला एक पैसाही सहलीस लागता कामा नये. व्यवस्थेचा टपालखर्चसुद्धा सहल करणाऱ्यांनी द्यावा. दोन, सहलीसाठी कर्ज काढू नये. हप्त्यावर सहल करविणारे पुष्कळ आहेत, परंतु आठवड्याची मौज आणि दोन वर्षांचे हप्ते हा व्यवहार मास्तरच्या गणितात बसत नाही. ज्यांना जायचे आहे त्यांनी आजपासून वेगळी भिशी लावावी आणि वर्ष-दीड वर्षाने निघावे. तीन, हिशेब चार रकान्यांत मांडावा : विमान, मुक्काम, तेथील जेवण व प्रवास, आणि अडीअडचण. चौथा रकाना रिकामा ठेवून कोणीही घर सोडू नये. प्रवासाचा विमा त्याच रकान्यातला.

कागदपत्रांचे काम लवकर सुरू करावे. आपल्या सीमाभागात ह्यास विशेष वेळ लागतो, कारण एकाच माणसाचे नाव शाळेच्या दाखल्यावर मराठी वळणाने, रेशनकार्डावर कानडी वळणाने आणि आधारकार्डावर तिसऱ्याच स्पेलिंगने असते. आमच्या शाळेत दाखले दुरुस्तीस येणाऱ्या पालकांची रांग पाहिली म्हणजे पोर्ट लुईसच्या कारकुनाची आठवण होते. 2014 साली शहराचे सरकारी नाव बेळगावी झाले, तेही ध्यानात ठेवावे. पासपोर्ट निघाल्यावर तिकिटावरचे नाव त्याच्याशी अक्षरन् अक्षर जुळले पाहिजे.

पर्यटनासाठी जाणाऱ्या भारतीयास मॉरिशसचा व्हिसा आगाऊ काढावा लागत नाही. परतीचे तिकीट, मुक्कामाची नोंद आणि खर्चापुरते पैसे मात्र दाखवावे लागतात, आणि प्रवासाचा अर्ज संगणकावर भरावा लागतो. नियम बदलतात, म्हणून तिकीट काढण्याच्या दिवशी पुन्हा खात्री करावी. मुंबईहून थेट विमान आहे, सहा-साडेसहा तासांचे. तेथले घड्याळ आपल्या दीड तास मागे. चलन रुपयाच, पण तेथला एक रुपया आपल्या पावणेदोन-दोन रुपयांच्या आसपास पडतो. फेब्रुवारी 2024 पासून आपले रुपे कार्ड आणि यूपीआय तेथे चालू झाले आहे, तरी थोडी रोकड जवळ असावी. झोपेच्या किंवा मनाच्या आजारावरच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर ठेवावी, कारण औषधांची तपासणी कडक असते. बियाणे, रोपे, फळे नेऊ नयेत. कुंदा न्यायचा असल्यास आधी नियम विचारावा. तंबाखूच्या बाबतीतही तेच, आणि हे निपाणीकरांनी विशेष लक्षात ठेवावे.

सात दिवसांचा बेत आम्ही असा मांडतो. पहिला दिवस विश्रांतीचा. दुसरा दिवस पोर्ट लुईस : अप्रवासी घाट पाहावा. मजूर ज्या पायऱ्या चढून वर आले, त्या तेथे आहेत. 2006 मध्ये युनेस्कोने ते स्थळ जागतिक वारशात घेतले. त्याच शहरात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात उभी राहिलेली जुम्मा मशीद आहे, अंगणात बदामाचे झाड असलेली. शुक्रवार साधला तर आमच्यासारख्यांना तेथे नमाज पढता येईल. इतरांनी नमाजाच्या वेळा सोडून, विचारून आत जावे. तिसरा दिवस समुद्राचा. चौथा दिवस पांपलमूसचे जुने वनस्पती उद्यान आणि जवळच बो प्लां येथे बंद पडलेल्या साखर कारखान्यात केलेले साखरेचे संग्रहालय. एके काळी बेटावर अडीचशेहून अधिक कारखाने होते, आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. आपल्यातल्या बागायतदारांनी हा दिवस चुकवू नये. पाचवा दिवस मोका : महात्मा गांधी संस्था. तेथे मराठीचा विभाग आहे. सहावा दिवस ल मॉर्न डोंगराचा. पळून आलेले गुलाम ज्याच्या कड्यांत आसरा घेत, तो हा डोंगर. तोही 2008 पासून जागतिक वारसा आहे. आपल्या लोकांचे कष्ट आठवताना त्यांच्या आधी ज्यांनी साखळदंडांत कष्ट केले त्यांना विसरू नये, म्हणून हा दिवस. सातवा दिवस बायकामुलांच्या मर्जीचा.

मोक्याच्या दिवसासाठी पूर्वतयारी लागते. अचानक दारात उभे राहू नये. दोन-तीन महिने आधी तेथील मराठी संघटनेस आणि संस्थेस पत्र लिहावे, आम्ही कोण, किती जण, काय पाहू इच्छितो हे कळवावे. उत्तर आले तर जावे. त्यांच्या घरांचे, देवघरांचे फोटो विचारल्यावाचून काढू नयेत. “तुमची मराठी अशी कशी?” असे चुकूनही म्हणू नये.

खाण्याची चिंता नको. रस्त्यावर मिळणारी डाळपुरी शाकाहारी माणसाचे पोट भरते. डाळीचे मिरची घातलेले वडे मिळतात, बिर्याणी मिळते, हलाल जेवण सहज मिळते, आणि सब्जा घातलेले ‘अलुडा’ पिताना आपल्या फालुद्याचीच ओळख पटते. स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घेतले तर मुक्काम स्वस्त पडतो. मात्र सात दिवस तेथेही आईनेच पोळ्या लाटल्या, तर तिची सुट्टी झाली नाही, हे पुरुषमंडळींनी बेत करतानाच ठरवून घ्यावे. समुद्रात प्रवाळाच्या कडेपलीकडे जाऊ नये, पायांत रबरी चप्पल असावी, आणि प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून उचलू नये. 2020 च्या जुलैत ‘वाकाशियो’ नावाचे जहाज तेथे प्रवाळावर आदळले आणि सुमारे हजार टन तेल समुद्रात सांडले. तेव्हा गावोगावचे लोक धावले, आणि कापडाच्या लांब पिशव्यांत उसाचे पाचट भरून त्यांनी तेल अडविण्याचे बांध केले. आपण जे पाचट फडात पेटवून देतो, त्याने त्यांनी आपला किनारा राखला.

शेवटी, येताना काय आणायचे? साखरेचे नमुने, कापडी डोडो मुले आणतीलच. आम्ही आणखी एक गोष्ट आणावी म्हणतो. दिवसभर उसात राबून झाल्यावर ते मजूर संध्याकाळी ‘बैठकी’त जमत आणि कंदिलाच्या उजेडात मुलांना आपली भाषा शिकवीत. शिकविणाऱ्यास पगार नव्हता. आज सरकारी शाळेत जो तास आहे, त्याच्या मुळाशी त्या बैठका आहेत. आपल्या ट्रस्टची अभ्यासिका संध्याकाळी सातला बंद होते. ती नऊपर्यंत उघडी राहावी, तेथे उसतोडीच्या टोळीतल्या मुलांना हंगामापुरते तरी बसवावे, आणि मराठी, उर्दू, कानडी ज्याला जी हवी ती शिकविण्यास आपल्यातले निवृत्त शिक्षक, शिक्षिका व पदवीधर सुना-मुली पाळीपाळीने याव्यात, अशी सूचना आम्ही विश्वस्तांपुढे ठेवतो. आठवड्यातील दोन संध्याकाळी आमच्या, हे आताच लिहून घ्यावे. जे सहलीस जातील त्यांनी परतल्यावर पहिला तास घ्यावा, आणि ज्यांना जाणे जमणार नाही, त्यांनी वाट न पाहता उद्यापासून सुरुवात करावी.